रेणापूरच्या आडावर

भाऊजी,

तुमचे पाय उघडे राहिले होते. कापड नेहमीच्या मापाचं आणलं गेलं. आणायला गेलेल्या माणसाच्या ध्यानात त्या वेळी कोणाची उंची राहणार. तोंड झाकलं की पाय उघडे, पाय झाकले की कपाळ उघडं. तुमचे दादा पुन्हा बाजारात निघाले तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जन्मभर बाजेच्या बाहेरच होते पाय त्याचे. राहू दे." कोणी ऐकलं नाही. दुसरं कापड आलं. बांबूही लांब बघून आणावे लागले. मी दारामागं उभी होते आणि मला सारखं वाटत होतं, आता हे उठतील आणि काहीतरी थट्टा करतील.

तुम्ही जाऊन आज एकविसावा दिवस. सासूबाई दुपारच्या शेजारी पोथी ऐकायला जाऊ लागल्या आहेत. तेवढा वेळ घर रिकामं असतं, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही उर्दू शाळेत सात इयत्ता शिकलात, मी माहेरी बार्शीला मराठी चार. तुम्हाला आमची अक्षरं लावायचा कंटाळा आणि मला तुमची येतच नव्हती. एका घरात सोळा वर्षं राहून आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. गरजच पडली नाही असं म्हणाले असते, पण ते खरं नाही. एकदा पडली होती. रेणापूरच्या त्या मुलीनं तुमच्यासाठी माझ्यापाशी निरोप दिला होता. तो मी तुम्हाला सांगितला नाही. पुढं कितीतरी वर्षांनी, तापात, तुम्ही स्वतः विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले. ते लिहायला बसले आहे. दुसरंही काही आठवेल, ते येईल तसं येऊ दे.

मी लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा तुम्ही माझ्याच वयाचे होता आणि दाराची चौकट रोज तुमच्या कपाळाला लागत होती. सासूबाईंना घोर पडला होता की हे पोरगं वाढायचं थांबणार कधी. शाळेत मद्रासकडचे ड्रिलमास्तर आले होते. त्यांनी लोहाराकडून दोन कडी करून घेतली, उंच खांबांवर ठोकली आणि त्या कड्यांतून चेंडू टाकायचा खेळ सुरू केला. तो खेळ कोणी पाहिलेला नव्हता. मास्तरांचं हिंदुस्थानी मोडकं. तुम्हाला पाहून ते एवढंच म्हणाले, "तुम आओ." हे तुम्ही घरी येऊन त्यांच्यासारखं मान हलवून सांगितलंत आणि मी पहिल्यांदा या घरात मोठ्यानं हसले. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडाला लावला. तुम्ही मुद्दाम पुन्हा म्हणालात, "तुम आओ."

पुढं गिरणीच्या मॅनेजरला त्या खेळाचा नाद लागला आणि त्यानं गिरणीची टीम काढली. तुमचं नाव कापडखात्यात लिहिलेलं, पण तुम्हाला मागावर कोणी कधी उभं केलं नाही. सकाळी थोडं गोदामात फिरायचं आणि दुपार कलली की मैदान. खेळण्याचा पगार. आपल्या गल्लीत हे कोणाला पटेना. समोरचे दामूकाका ओट्यावरून रोज विचारायचे,

"काय गणू, आज किती चेंडू टाकले टोपलीत?"

"बावीस, काका."

"अन् भाईर किती गेले?"

"ते मोजायचा पगार न्हाई."

सासूबाई मात्र बायकांत सांगायच्या, "तपासणीला हाय गिरणीत." कशाची तपासणी ते कोणी विचारलं की त्यांना घरात काम आठवायचं.

जाळीचं तुम्हाला आठवत असेल. कड्याला खाली सुताची जाळी लागते, ती हैदराबादेहून यायला वेळ होता, आणि तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, तुमी शिंकं विणता तसंच विणायचं." मी दोन दिवस बसून विणलं. चांगली पिळाची सुतळी, एकसारख्या गाठी, आणि खाली बुडाशी पक्की गाठ, कारण शिंक्याला ती असतेच. तुम्हीही न बघता नेलंत. बाहेरगावची टीम आलेली, साहेब लोक खुर्च्यांवर बसलेले, आणि तुमचा पहिलाच चेंडू आत गेला तो तिथंच राहिला. शिडी आणावी लागली.

घरी येऊन तुम्ही म्हणालात, "वहिनी, चेंडू तुमच्या शिंक्यात दह्यासारखा लागून बसला. मास्तर म्हणून राहिले, आता लोणी काढायचं का?"

मला रडू आलं. मास्तर खालची गाठ कापायला निघाले होते, पण तुम्ही कापू दिली नाही. ते शिंकं तसंच काढून माझ्याकडं परत आणलंत, की तुमच्या हातचं आहे, तुम्हीच सोडा. मी म्हणाले, "बूड नसलं तर ते शिंकं कसलं? ठेवायचं कसं त्यात?" तुम्ही म्हणालात, "ठेवायचंच न्हाई वहिनी, जाऊ द्यायचं." आपला त्यावर वाद झाला. मला अजूनही तो खेळ कळलेला नाही. एवढ्या कष्टानं आत घालायचं आणि लगेच खाली सोडून द्यायचं.

मी गाठ सोडून दिली. त्यानंतरच्या सगळ्या जाळ्या मीच विणल्या. पण ज्या कड्याला त्या लागल्या ते कडं मी पाहिलं नाही. तुम्ही किती वेळा म्हणालात, एक डाव तरी बघायला या, छकडा लावतो, पडदा सोडतो. मी म्हणायचे, गिरणीच्या मैदानावर चार माणसांत मी कशी येऊ. खरं म्हणजे कोणी मला अडवलं नव्हतं. दादांना विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. मी विचारलंच नाही. आता तुमच्या मागं जी बाज रिकामी पडली आहे तिच्याकडं बघून मला याचा राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

तुमचा खेळ मला माहीत आहे तो चुलीपाशी. मी भाकरी थापत असले की तुम्ही उंबऱ्यावर बसून सांगायचे, "तुमी तळव्यानं थापता. चेंडूला तळवा लागू द्यायचा न्हाई. नुसती बोटं." मी म्हणायचे, बोटांनी थापून बघा, भाकरी फाटते का नाही. एकदा थापलीत. फाटली. तीच तुम्ही खाल्लीत.

आणि दुसरं एक मला कधी बोलता आलं नाही. सोलापूरकडं सामना असला की तुम्ही परत येताना मराठी कागद घेऊन यायचे. कधी जुनं वर्तमानपत्र, कधी नुसता पुड्याचा कागद, तेलाचा डाग पडलेला. "वहिनी, तुमची अक्षरं," एवढंच म्हणून देवळीत ठेवायचे. या घरात मला वाचता येतं हे तुमच्याशिवाय कोणाच्या ध्यानात नव्हतं. त्या कागदांनी मला अक्षरं विसरू दिली नाहीत. आज लिहिते आहे ते त्यामुळे.

आता रेणापूर.

लातूरच्या गंजात, धान्याच्या बाजारात, व्यापाऱ्यांनी मैदान आखून तुमचा सामना ठेवला होता. हैदराबादची टीम आली होती. तुम्ही तिथं फार चांगलं खेळलात असं दादा सांगत होते. महिन्याभरानं लातूरहून एका गृहस्थाचा निरोप आला की माझी भाची रेणापूरला आहे, घरची शेती आहे, मुलगी बघायला या. आपण चौघं गेलो. सासूबाई, दादा, तुम्ही आणि मी.

मुलीचं नाव सरस्वती. घरात सरू म्हणायचे. ती पोहे ठेवून आत गेली. तुम्ही एकदाच वर पाहिलंत आणि नंतर सगळा वेळ हातातल्या ताटलीकडं बघत बसलात. बोटं मात्र ताटलीच्या कडेवर फिरत होती. मी ओळखलं, की तुम्हाला पसंत आहे.

मग तिच्या वडिलांनी, आबांनी, विचारलं, "गिरणीत कोणत्या खात्यात?"

दादा काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, "मी खेळतो."

"खेळता म्हंजे? सुट्टीच्या दिशी?"

"न्हाई, रोज. त्याचाच पगार हाय."

आबांनी पानाचं तबक बाजूला सरकवलं. "अन् पाय मोडला तर?"

"तर गोदामात पोती मोजीन."

"बघा पाव्हणं," आबा शांतपणे म्हणाले, "डोंबारी बी खेळच करतो. लोक बघतात, टाळ्या वाजवतात. पण त्याला कोणी लेक देत न्हाई."

दादांची मान खाली गेली. सासूबाई आत बायकांत होत्या, पण दार उघडं होतं आणि सगळं ऐकू येत होतं. मुलीच्या आईनं मला हळूच विचारलं, "तुमी तर घरातल्या. माणूस कसा हाय?" भाऊजी, त्या क्षणी मला किती सांगता आलं असतं. फाटलेल्या भाकरीचं, तेलकट कागदांचं, की गाठ कापू दिली नाही त्याचं. मी म्हणाले, "चांगले आहेत." दोन शब्द. तिनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ती उठली.

मी हात धुवायला मागं आडावर गेले. सरू कळशीनं माझ्या हातांवर पाणी घालायला आली. खाली बघतच बोलू लागली.

"वैनी, मी त्यांना बघितलंय. लातुरात मामाच्या माडीवरून. मीच मामीला म्हणलं होतं, बोलणं लावा म्हणून."

ती पाणी घालत राहिली.

"समदे लोक चेंडूकडं बघून राहिले होते. टाकणारे बी. हे मातर टाकला की वळायचे अन् माघारी चालायला लागायचे. आत गेला का न्हाई ते बघायचेच न्हाईत. लोक ओरडले की त्यांना कळायचं. मला ते लई आवडलं."

माझे हात कधीच स्वच्छ झाले होते. तिनं दुसरी कळशी घेतली.

"आबा आज न्हाई म्हणणार, मला ठाव हाय. पण महिन्याभरानं माणूस पाठवा पुन्ना. तवर आईला मी तयार करते. आईचं आबा ऐकतात. तेवढं त्यांना सांगा. माणूस आला तर मी समजीन." मग थोडं थांबून म्हणाली, "न्हाई आला, तरी समजीन."

मी म्हणाले, "सांगते."

परतताना छकडा लातूर जवळ आल्यावर तुम्हीच म्हणालात, "डोंबाऱ्याला निदान ढोलकं वाजवायला बायको लागते. आमाला तेबी न्हाई." दादा थोडे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मुलाची बाजू असून माना खाली घालून निघालो. आता या घराचं नाव कोणी काढायचं न्हाई. मुलाकडच्यांनी दुसऱ्यांदा दार वाजवायचं नसतं." हे त्या कोणा एकाकडं बघून बोलल्या नाहीत, पण मला वाटलं आडावरचं त्यांना कळलं. माझ्या पदराचं टोक अजून ओलं होतं. मी ते मुठीत धरून ठेवलं.

घरी आल्यावर मी ठरवत होते, उद्या सांगू. उद्या सासूबाई घरात असायच्या. त्या नसल्या की तुम्ही नसायचे. पाचव्या दिवशी तुम्ही एकटे ओट्यावर पायाला तेल चोळत बसला होता. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "भाऊजी, रेणापूरला..."

"जाऊ द्या वहिनी," तुम्ही म्हणालात. "त्यांची लेक त्यांना जड न्हाई."

एवढ्यावर मी गप्प बसले. तुम्ही मला थांबवलंत असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तुम्ही काय थांबवलंत ते तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं. मला फक्त आणखी चार शब्द बोलायचे होते. मला भीती वाटत होती, की तुम्ही सासूबाईंसमोर हट्ट धराल, आणि हे तुला कसं कळलं असं मला विचारलं जाईल. लग्नाची मुलगी परक्या बाईजवळ असं बोलते, आणि ही ऐकून येते. मी माझी अब्रू सांभाळत बसले. महिना गेला. दोन गेले.

मार्गशीर्षात कळलं, की मुलगी मुरुडला दिली. धान्याचं दुकान आहे, घर चांगलं आहे. जेवताना दादांनी सांगितलं. तुम्ही आणखी एक भाकरी मागून घेतली. ती तुम्ही सगळी खाल्लीत, आणि नंतर बाहेर जाऊन बसलात. त्यानंतर दुसरी मुलगी बघायला तुम्ही आला नाहीत. कोणी विषय काढला की म्हणायचे, "आधी खेळू द्या."

खेळलात. हैदराबाद, औरंगाबाद, सोलापूर. लढाईच्या दिवसांत चेंडू मिळेना तेव्हा कातडं मोच्याकडून शिवून घ्यायचे आणि आतलं रबर सायकलवाल्याकडून जोडून आणायचे. एकाच चेंडूवर दोन वर्षं काढलीत. मग गुडघा गेला. हाडवैद्य झाला, सरकारी दवाखाना झाला, पण तो पुन्हा पहिल्यासारखा वाकला नाही. मॅनेजरनं नोकरी काढली नाही, एवढं त्याचं चांगलं. तुम्ही गोदामात पोती मोजू लागलात. पहिल्या दिवशी घरी येऊन मला म्हणालात, "म्हातारं खरं बोललं होतं, वहिनी." मी त्यावर हसले. रात्रंदिवस मनात जे वागवत होते त्याला मला तेवढा आधार मिळाला. म्हटलं, झालं ते बरं झालं, त्या मुलीची फरफट झाली असती. हे मी बरेच दिवस खरं मानलं. पण तिनं तुमचा पगार पाहिलाच नव्हता, भाऊजी. तिनं तुम्हाला वळून माघारी चालताना पाहिलं होतं. तेवढं तुम्हाला गोदामातही येत होतं.

आषाढात ताप आला. डॉक्टर म्हणाले मुदतीचा आहे, एकवीस दिवस जपायचं. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी तुम्ही शुद्धीवर होता. सासूबाई बाजेजवळ वारा घालत होत्या. मी पाण्याच्या पट्ट्या बदलत होते. तुम्ही माझ्या हातांकडं बघत होता.

"वहिनी, रेणापूरला ती पोरगी तुमच्या हातावर पानी घालून राहिली होती. वसरीतून मागचं दार उघडं होतं, मला दिसत होतं. काय बोलून राहिली होती?"

इतकी वर्षं तुम्ही ते पाहून मनात ठेवलं होतं. मला वाटत होतं ते फक्त मलाच माहीत आहे.

सासूबाईंचा पंखा थांबला. मी म्हणाले, "पाणी गार आहे का, असं विचारत होती."

"दोन कळशा संपेस्तोवर?"

मी पट्टी पिळत राहिले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, रागानं नाही, आणि डोळे मिटलेत. पुन्हा विचारलं नाहीत. मला वाटलं, मुदत संपली की सांगू. ताप उतरला की, उठून बसलात की, सासूबाई पोथीला गेल्या की. ताप उतरलाच नाही.

तुम्ही गेल्यावर पहिले काही दिवस मला एवढंच वाटत होतं, की तुम्हाला ते न कळताच तुम्ही गेलात. तुम्हाला कोणीतरी आपण होऊन निवडलं होतं आणि तुम्ही नाकारलेला माणूस म्हणून जगलात. त्याला आता माझ्याकडं काही इलाज नाही. हे पानही तुम्ही वाचणार नाही, आणि असता तरी दोन ओळींत कंटाळून म्हणाला असता, वाचून दाखवा.

पण परवा दळण दळताना दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि माझा हात थांबला. तुम्हाला निरोप मिळाला नाही हे मला ठाऊक आहे, पण तिला ठाऊक नाही. मी तिला "सांगते" म्हणाले होते. तिनं महिनाभर वाट पाहिली असेल, आईला तयार केलं असेल, आणि माणूस आला नाही. "न्हाई आला, तरी समजीन," असं ती म्हणाली होती. ती काय समजली असेल? मुरुडच्या त्या घरात, तिथं ठेवलेलं दुसरं नाव घेऊन ती नांदते आहे. तुमची आठवण झालीच तर तिला असा माणूस आठवत असेल, ज्याला बोलावलं आणि जो आला नाही. ते तुम्ही नव्हता. ती मी होते.

मुरुडला तुमच्या मावशी आहेत. त्यांना आता चालवत नाही, म्हणून त्या भेटायला येऊ शकल्या नाहीत. सोमवारी दादा त्यांच्याकडं जाणार आहेत. काल जेवण वाढताना मी म्हणाले, "मी पण येते."

दादांचा घास हातात राहिला. सोळा वर्षांत मी कुठं येते म्हणाले नव्हते.

"तू? तुझं काय काम हाय मुरुडला?"

सासूबाई समोरच बसल्या होत्या. मी भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"एका बाईला भेटायचंय. रेणापूरची."

सासूबाईंनी मान वर केली. मला वाटलं आता बोलतील, आणि मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. त्या दादांना म्हणाल्या, "येऊ दे तिला." मग ताटातलं मीठ बोटानं इकडचं तिकडं करत हळू म्हणाल्या, "दोन कळशा मीबी बघितल्या होत्या."

आज सकाळी त्यांनी माझं धुवट लुगडं काढून उन्हात टाकलं आहे.

दुकानात तिचा नवरा असेल. मी बाहेर उभी राहीन, आणि ती एकटी सापडेपर्यंत थांबेन. मी चारच वाक्यं ठरवली आहेत आणि ती रोज मनात म्हणून बघते. तुम्ही गेलात हे पहिलं. त्यांना तुझा निरोप मिळाला नाही, हे दुसरं. मी सांगितला नाही, हे तिसरं. ते म्हणताना अजून माझी जीभ अडते, पण सोमवारपर्यंत वेळ आहे. चौथं मात्र एकदाही अडलेलं नाही. "त्यांनी शेवटच्या तापात विचारलं होतं, की तू काय बोललीस."